मलिक-ए-मैदान ते देवळाली: तोपखान्यातल्या मामांसोबत

दरवर्षी जानेवारीच्या आसपास देवळालीच्या फायरिंग रेंजवर तोपखान्याचा एक मोठा सराव होतो, एक्सरसाइज तोपची नावाचा. सैन्याकडच्या जवळपास सगळ्या प्रकारच्या तोफा तिथं खऱ्या गोळ्यांनी चालवून दाखवतात, आणि तो एकदा बघायचाच असं आमच्या मामांच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. मामा स्वतः तोपखान्यातले, बोफोर्सवर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून सोलापुरातच आहेत. सगळी नोकरी तोफेला चिकटून गेली, पण लांब बसून, नुसतं बघायला म्हणून फायरिंग बघणं काही झालं नव्हतं. ह्या वर्षी त्यांच्या एका जुन्या साथीदारानं पासची सोय केली, मग मी, मामा, माझ्या बहिणीचा ओंकार (अग्निवीरची तयारी करतोय, सकाळी पार्कला पळायला असतो) आणि गाडी चालवायला मित्र सचिन, असे तयार झालो.

मामांनी एकच अट घातली, की थेट नाशिक गाठायचं नाही, आधी विजापूरला जाऊन मलिक-ए-मैदान बघायची, मग परांडा, मग नगर, मग देवळाली. कारण ही तोफ ओतली नगरला, तिथनं आली परांड्याला आणि परांड्यावरनं गेली विजापूरला, तर आपण तिच्या वाटेनं उलटं जायचं. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच संपला होता, दारूकाम बघून ओंकारच्या डोक्यात आवाजच आवाज होता, त्यामुळं त्यालाही हे पटलं.

शनिवार, विजापूर

सकाळी किल्ल्याच्या बाजूनंच निघालो. सिद्धेश्वर तलावाकाठचा आपला भुईकोट रोज बघतो आपण, आत बाग आहे, लोक फिरायला जातात, पण १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोनं तोफा लावून हाच किल्ला पेशव्यांच्या फौजेकडनं घेतला हे किती जणांना माहिती असतं कुणास ठाऊक. मामा गाडीतनं तटाकडं बघून म्हणाले, "इथनं सुरू होतंय बघ आपलं."

विजापूर शंभरेक किलोमीटर, भीमा ओलांडली की कर्नाटक, नाश्त्याला थांबूनही अकराच्या आत शेरझा बुरुजावर होतो. आता ह्या तोफेबद्दल शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, की वजन ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या जवळ, १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्की कारागिरानं नगरला ओतली, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाहीकडनं होती आणि तेव्हा तोंडात तांब्याची नाणी भरून डागली म्हणतात. १६३२ मध्ये परांड्याहून इथं आणताना १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, हिचा लिलाव पुकारला होता आणि बोली आली फक्त १५० रुपयांची, नशीब की तो लिलाव रद्द केला.

हे सगळं आम्हालाही माहिती होतं. मामांसोबत बघताना मात्र वेगळंच कळत गेलं. तोफेचं तोंड म्हणजे जबडा उघडलेला सिंहासारखा प्राणी आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा छोटा हत्ती, तो फोटोत सगळ्यांनी बघितलेला असतो, मामा तिकडं गेलेच नाहीत. ते सरळ मागच्या बाजूला गेले, खाली वाकले, बत्ती द्यायचं भोक बोटानं चाचपलं, मग बोटातल्या अंगठीनं धातूवर हळूच टकटक केलं तर घंटेसारखा बारीक आवाज निघाला आणि बराच वेळ टिकला. ऊन चांगलं तापलेलं तरी धातू हाताला गार लागत होता. ओंकारला म्हणाले, "हात लाव की. काय बघालास लांबून."

मग त्यांनी विचारलं, हिला फिरवत कसे असतील? नेम कोण धरत असेल? दारू किती घालायची हे कोण ठरवत असेल? बाजूला पाण्याची टाकी आहे, तोफ डागल्यावर गोलंदाज आवाजापासनं वाचायला त्या पाण्यात उडी घ्यायचा असं तिथले गाईड सांगतात. मामांनी ती गोष्ट फार मनावर घेतली. त्यांचा स्वतःचा उजवा कान निम्मा गेलेला आहे, आम्ही लहानपणापासनं त्यांच्या डाव्या बाजूनं बोलतो, ती सवयच लागलीय घरात सगळ्यांना. ते म्हणाले, "नाव रूमीखानाचं राहिलं, तोफेचं राहिलं, त्या पाण्यात उडी टाकणाऱ्याचं नाव कुठाय?"

माझ्या डोक्यात ते वाक्य पुढचे सगळे दिवस राहिलं. आपण तोफ म्हटलं की कॅलिबर, रेंज, किंमत, कुठल्या देशाची हेच बोलतो, टीव्हीवरही तेच, पण तोफेमागची सहा-आठ माणसं काय करतात हे नीट सांगणारं मला तरी कुणी भेटलेलं नव्हतं, घरात मामा असूनसुद्धा.

जवळच उपळी बुरुज आहे, वरती नऊ मीटरच्या आसपास लांबीची लांबचलांब तोफ, तीही बघितली. गोलघुमट ह्या वेळी सोडून दिला. रात्री परत सोलापूर, घरचंच जेवण.

रविवार, परांडा आणि नगर

पहाटे निघालो, बार्शीत चहा, आणि परांड्यात पोहोचलो तेव्हा किल्ल्यात आमच्याशिवाय फक्त दोन-तीन पोरं होती. हा किल्ला आपल्या इतक्या जवळ आहे, शंभर किलोमीटरच्या आत, तरी सोलापूरची लोकं फारशी येत नाहीत ह्याचं मला फार वाईट वाटतं. बहामनी काळातला भुईकोट, भोवती खंदक, दुहेरी तटबंदी, आणि बुरुजांवर तोफाच तोफा, काही नुसत्या लोखंडी तर काही नक्षीवाल्या, फारसीत कोरलेल्या. कुठल्या बुरुजावर मलिक-ए-मैदान असेल ह्याचा आम्ही बराच वेळ अंदाज करत बसलो.

तिथं एका बुरुजावर मामांनी ओंकारचा क्लास घेतला आणि ह्या सगळ्या ट्रिपमधला तो तास माझ्यासाठी सगळ्यात भारी.

लांब एक पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्या डावीकडं एक झाड. मामा म्हणाले हात सरळ पुढं कर, एक डोळा मिट, एक बोट उभं धर. टाकी आणि झाड ह्यांच्यामधी किती बोटं बसली? तीन. "मग ते झालं साधारण शंभर मिल." एक बोट म्हणजे ३० मिल, तीन म्हणजे १००, बंद मूठ १८०, पंजा पूर्ण पसरला तर ३००. तोपखान्यात अंश वापरत नाहीत, सगळा गोल ६४०० मिलमध्ये वाटलेला असतो, आणि त्याची गंमत अशी की एक मिलचा फरक म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. म्हणजे टार्गेट २० किलोमीटरवर असेल आणि नेम धरणाऱ्याचा एक मिल जरी इकडचा तिकडं झाला तर गोळा २० मीटर बाजूला. मामा लेयर होते सुरुवातीला, म्हणजे साइटमधे डोळा घालून तोफेची दिशा पक्की करणारा माणूस, त्यांनी हे असं काही सांगितलं की ओंकार पुढं दिसेल त्या खांबाला, मिनाराला, म्हशीला बोटं लावून मिल मोजत होता.

मग मुद्द्याची गोष्ट सांगितली. रशियन बनावटीच्या तोफा आणि रॉकेट, म्हणजे १३० एमएम किंवा ग्रॅड, ह्यांच्या साइटवर तोच गोल ६००० मध्ये वाटलेला असतो. स्वीडनच्या सैन्यात तर ६३०० होता. आता समजा एकानं आकडा सांगितला १५००, आणि तो ६००० वाला होता, तर तो ९० अंश म्हणतोय. ऐकणारा ६४०० वाला असेल तर त्याचं १५०० म्हणजे साडेचौऱ्याऐंशी अंशाच्या जवळ. दहा किलोमीटरवर हा फरक जवळपास एक किलोमीटर होतो. मी मोबाइलवर हिशोब करून बघितला, बरोबर आला. मामा म्हणाले, "आकडा तोच, माणूस तोच, तोफ तीच, आणि गोळा गावात." दोन देशांचे तोपखाने एकत्र सराव करतात तेव्हा पहिले काही दिवस ह्याच्यातच जातात, की तुझं मोजमाप काय, माझं काय, नकाशाचा ग्रिड कुठला, हुकूम कुठल्या शब्दांत द्यायचा. टीव्हीवर आपल्याला शेवटच्या दिवसाचा धमाका तेवढा दिसतो.

दुपारी करमाळ्यामार्गे नगर. रस्त्यात भाकरी, पिठलं, ठेचा, मामांनी घरनं शेंगाचटणी आणली होती ती. नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम बघितलं, १९९४ पासनं आहे, रणगाड्यांचं आहे तोफांचं नाही, तरी बघण्यासारखं आहे, पकडलेला पॅटन आहे, सेंच्युरियन, विजयंत, जुनी रोल्स रॉइसची चिलखती गाडी पण आहे. मामांना रणगाड्यात फार रस नाही, ते झाडाखाली बसून राहिले. मुक्काम नगरलाच.

सोमवार, नगर ते नाशिकरोड

राहुरी, लोणी, संगमनेर, सिन्नर करत दुपारी नाशिकरोड. इथंच तोपखान्याचं सेंटर, म्हणजे रिक्रूट तयार होतात ती जागा, आणि देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, जे फाळणीच्या वेळी काकूलहून इकडं आलं. काकूल आता पाकिस्तानात. मामांनी सेंटरच्या गेटसमोरनं गाडी हळू न्यायला सांगितली, थांबलो नाही. तोपखान्याचं ब्रीद आहे "सर्वत्र इज्जत-ओ-इक़बाल", ते त्यांनी गाडीत मोठ्यानं म्हटलं.

संध्याकाळी ज्यांनी पास दिले ते सुभेदारसाहेब जेवायला आले. मामांना ते अजून "उस्ताद" म्हणतात कारण त्यांना लेयरचं काम मामांनी शिकवलेलं. साहेब २०२४ च्या सप्टेंबरमधे राजस्थानात महाजनच्या रेंजवर होते, भारत आणि अमेरिकेचा युद्ध अभ्यास झाला तेव्हा. हा सराव २००४ पासनं चालू आहे, आलटून पालटून, एकदा इकडं एकदा तिकडं, तो विसावा सराव होता आणि अमेरिकेनं हायमार्स पहिल्यांदा तिथं आणलं होतं. हायमार्स म्हणजे ट्रकवरचा रॉकेट लाँचर, एका पेटीत सहा रॉकेट, चालवायला तीन माणसं बास. आपला पिनाका पण ट्रकवरचाच, बारा नळ्या, बारा रॉकेट ४४ सेकंदात सुटतात.

ओंकारनं विचारलं कुठला भारी? साहेब हसले आणि म्हणाले की प्रश्न असा नसतोय. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो, कारण मला हे आधी अजिबात माहिती नव्हतं.

तोफ चालवणारा माणूस टार्गेट बघतच नाही. टार्गेट असतं डोंगराच्या पलीकडं, वीस-तीस किलोमीटरवर. ते बघतो ओपी, म्हणजे पुढं कुठंतरी डोंगरावर लपून बसलेला अधिकारी आणि त्याची दोन-चार माणसं, किंवा आता ड्रोन. तो रेडिओवर जागा सांगतो. मागं कमांड पोस्टमधे ते आकडे घेऊन दिशा, उंची, दारू किती, फ्यूज (गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग) कुठला हे सगळं काढतात. त्यात नुसतं अंतर नसतं, वर हवा कुठल्या दिशेनं वाहतेय, हवा गरम की गार, दारूच्या पिशव्या उन्हात तापल्यात का, नळी किती झिजलीय, एवढंच काय पृथ्वी फिरते त्याचा पण हिशोब असतो लांबच्या गोळ्याला. राजस्थानातल्या सप्टेंबरच्या उन्हात दारू तापली की गोळा जास्त जोरात सुटतो, लांब पडतो, म्हणून पिशव्यांचं तापमान सारखं बघत राहायचं. मग हुकूम येतो तोफेवर, नंबर वन म्हणजे त्या तोफेचा हवालदार तो घेतो, आणि त्याची डिटॅचमेंट, म्हणजे त्या तोफेवरची सगळी माणसं, कामाला लागते. ह्या साखळीत कुणीही कुणाला डोळ्यानं बघत नसतो, प्रत्येकजण समोरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

"आता ह्यातला ओपी एका देशाचा आणि तोफ दुसऱ्या देशाची असं धरा," साहेब म्हणाले. "तर विश्वास कसा ठेवायचा?" म्हणून प्रत्येक हुकूम उलटा परत बोलून दाखवायचा. समोरच्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. एकमेकांच्या हत्याराभोवती उभं राहून त्यांची ड्रिल बघायची, आपली दाखवायची. आणि एक नियम पक्का, की काहीही चुकीचं दिसलं तर तोफेवरचा सगळ्यात ज्युनिअर पोरगा पण "स्टॉप" ओरडू शकतो, आणि तो ओरडला की सगळं जागच्या जागी थांबतं, मग तो कुठल्याही देशाचा असो, ओरडला म्हणून त्याला कुणी बोलत नाही.

युरोपात नाटोवाले तर खास तोपखान्याचाच सराव घेतात, डायनॅमिक फ्रंट. २०२४ च्या नोव्हेंबरमधे त्याचा एक भाग फिनलंडच्या उत्तरेला रोवायार्वीच्या बर्फात झाला, बाकी एस्टोनिया, जर्मनी, पोलंड, रुमानियात. तिथं मुख्य काम हेच असतं, की एका देशाच्या ओपीनं दिलेलं टार्गेट दुसऱ्या देशाच्या कॉम्प्युटरमधनं तिसऱ्याच्या तोफेपर्यंत न अडकता पोहोचतंय का. अमेरिकेचा, जर्मनीचा, फ्रान्सचा असे सगळ्यांचे फायरिंगचे कॉम्प्युटर वेगवेगळे, ते एकमेकांशी बोलावेत म्हणून अस्का नावाची एक जोडणी केलीय त्यांनी. आणि गोळा सगळ्यांचा १५५ एमएम असला तरी नळीची लांबी आणि दारूची जागा वेगवेगळी असते, म्हणजे एकाच गोळ्याचं रेंज टेबल, गोळा किती लांब जाईल त्याचा तक्ता, तोफेगणिक बदलतं. आपल्याकडंच बघा, बोफोर्स ३९ कॅलिबर, धनुष ४५, वज्र ५२. कॅलिबर म्हणजे इथं नळीची लांबी, गोळ्याच्या जाडीच्या किती पट ते.

मला वाटतं, माझं मत आहे, की अनेक देशांच्या सरावाची बातमी येते तेव्हा आपण "शक्तिप्रदर्शन" एवढंच वाचतो आणि सोडून देतो. खरं काम ह्या हवालदार-नाईक लोकांचं असतं, जे एकमेकांची भाषा न कळता एकमेकांच्या आकड्यावर गोळा सोडायला शिकतात, आणि त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. साहेब जेवून गेले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

मंगळवार, देवळाली

सकाळी लवकर पोहोचलो. बसायला मांडव, समोर मोकळं पठार, त्याच्यापलीकडं डोंगर, लांब बहुला किल्ल्याचा डोंगर दिसतो, तो पूर्ण रेंजच्या हद्दीत आहे त्यामुळं ट्रेकवाल्यांना परवानगीशिवाय जाता येत नाही. प्रेक्षकांत तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे अधिकारी, नेपाळच्या सैन्याचे अधिकारी, आणखी कुठल्या कुठल्या देशांचे गणवेश. कोर्सला आलेले परदेशी अधिकारी पुढं बसले होते आणि वह्या काढून लिहून घेत होते.

एकेक तोफ आली. १०५ एमएमच्या इंडियन फील्ड गन आणि लाइट गन, बोफोर्स, धनुष, के-९ वज्र, एम-७७७, मॉर्टर, मग ग्रॅड आणि पिनाका. वज्र आणि एम-७७७ ह्या दोन्ही तोफा ९ नोव्हेंबर २०१८ ला इथंच देवळालीत सैन्यात दाखल झाल्या होत्या. एम-७७७ चं वजन सव्वाचार टनांच्या आत, चिनूक हेलिकॉप्टरला लटकवून डोंगरावर ठेवता येते. मला एकदम ते ४०० बैल आणि १० हत्ती आठवले. हेलिकॉप्टरही होती, आणि मामांनी सांगितलं की आर्मीची हेलिकॉप्टर आधी तोपखान्याचीच होती, वरून गोळा कुठं पडतोय ते बघायला, १९८६ मधे त्यांचा वेगळा विभाग झाला.

पण मी सांगणार ते एकाच तोफेबद्दल. आमच्या बाजूनं जी धनुष जवळ होती, तिच्या डिटॅचमेंटवर मी दुर्बीण लावून बसलो आणि मामा कानात सांगत होते, म्हणजे ते हळू सांगत होते त्यांच्या हिशोबानं, पुढच्या रांगेतली लोकं वळून बघत होती. धनुष जबलपूरला बनते, बोफोर्सच्याच घरातली, त्यामुळं मामांना प्रत्येक हालचाल पाठ.

"टेक पोस्ट" झालं. सगळे पळत आपापल्या जागी. पळणं म्हणजे कसं, कुणी कुणाला आडवं जात नाही, प्रत्येकाची वाट ठरलेली. लेयर साइटला चिकटला. नंबर वन मागं एका बाजूला उभा, कानाला हेडसेट, तोंडानं आकडे परत बोलतोय हे ओठांवरनं दिसत होतं. दोघांनी गोळा आणला, ४३-४५ किलोचा एक गोळा असतो, सिमेंटच्या पोत्याला थोडाच कमी, आणि तो आणताना पोरांची पाठ सरळ, पाऊल मोजून. एकानं फ्यूज बघितला, नंबर वनला दाखवला, त्यानं मान हलवली. गोळा आत गेला. मामांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि प्रत्येक टप्प्याला ते बोटानं दाबत होते, गोळा, दाब, दारू, दाब, दरवाजा बंद, दाब. मग लेयरचा हात वर झाला, म्हणजे माझं झालं, दिशा पक्की. नंबर वननं एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली. हे फिरवणं मला फार महत्त्वाचं वाटलं, एवढ्या घाईत तो एक क्षण त्यानं सोडला नाही, कोण कुठं उभा आहे, मागं कुणी आहे का, हात कुणाचा कुठं आहे.

मग त्याचा हात खाली आला.

आधी ज्वाळा दिसली, नळी सपकन मागं आली आणि परत पुढं गेली, मग आवाज छातीवर आदळला. ओंकारनं दोन्ही कान झाकले तरी उडाला. आणि इकडं डिटॅचमेंट थांबलीच नव्हती, दरवाजा उघडला होता, दुसरा गोळा हातात होता. आम्ही सगळे डोंगराकडं बघतोय गोळा कुठं पडतो ते, आणि तोफेवरचा एकही माणूस तिकडं बघत नव्हता. डोंगरावर धुराचा लोट उठला, बरोबर खुणेच्या जागी, ओंकार मनात सेकंद मोजत होता, स्फोटाचा आवाज यायला लागला तेवढा वेळ, एका किलोमीटरला तीन सेकंद हे मामांनी शिकवलेलं. त्यानं अंतर सांगितलं, मामांनी ते दुर्बिणीतनं अंदाज घेऊन तपासलं आणि म्हणाले, "पास."

सगळ्या तोफांनी एका वेळी फायर केलं तेव्हा पूर्ण डोंगर धुळीनं झाकला. पिनाकाचे रॉकेट सुटले तेव्हा तो आवाज वेगळाच, फाटल्यासारखा, लांब ओढलेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टाळ्या वाजवल्या त्या नंतर, कार्यक्रम संपल्यावर, डिटॅचमेंटवाले तोफा आवरत होते तेव्हा. नळी साफ करणं, उरलेला दारूगोळा मोजणं, रिकाम्या पेट्या लावणं, हे काम बराच वेळ चालतं आणि तोवर मांडव रिकामा झालेला असतो. आम्ही थांबलो. त्या धनुषच्या नंबर वनला मामा जाऊन भेटले, सुभेदारसाहेबांनी ओळख करून दिली. तो सांगलीकडचा निघाला. मामांनी त्याला तोफेबद्दल काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न विचारला, "कान बघून घेतोस का दरवर्षी?" तो म्हणाला हो, प्लग घातल्याशिवाय कुणाला तोफेवर येऊ देत नाही मी. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मी बाजूला उभा होतो, मला भरून आलं, हे लिहायला मला काही वाटत नाही.

नंतर एक परदेशी अधिकारी तिथं आला, कोर्सवरचा, त्यानं लेयरला साइटबद्दल काहीतरी विचारलं. लेयरचं इंग्रजी जेमतेम, त्याचं हिंदी शून्य. तर लेयरनं त्याला साइटला डोळा लावायला सांगितला, स्वतः चाक फिरवलं, आणि बोटांनी आकडा दाखवला. त्यानं स्वतःच्या वहीत आकडा लिहून लेयरला दाखवला, लेयरनं मान हलवली. दोन मिनिटांत दोघांचं जमलं. सुभेदारसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, काल बोललो ना ते हे.

बुधवार, परत

परतीचा रस्ता मोठा आहे, सकाळी निघून रात्री सोलापूर. गाडीत ओंकारनं मामांकडनं बॅटरी, रेजिमेंट, ट्रूप सगळं उतरवून घेतलं. सहा तोफांची एक बॅटरी, तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट. २८ सप्टेंबर हा गनर्स डे, कारण १८२७ मधे त्या दिवशी पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली. ती तोफखान्यातली सगळ्यात जुनी आणि नावात बॉम्बे, ह्याचा मामांना फार अभिमान. ओंकारला आधी फक्त "भरती" व्हायचं होतं, आता लेयर व्हायचंय म्हणतोय, आणि गणिताचं पुस्तक परत काढतो म्हणाला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: परांडा आणि विजापूर सोलापूरहून एकेका दिवसात आरामात होतं, परांड्याला सकाळी जा कारण बुरुजावर सावली नाही, पाणी सोबत न्या. नगरचं म्युझियम वाटेवर आहे. तोपचीला पासशिवाय प्रवेश नाही, घरात किंवा ओळखीत कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना दोन महिने आधीपासनं विचारून ठेवा, ओळखपत्र सगळ्यांचं लागतं. कानात घालायला फोमचे प्लग मेडिकलमधे मिळतात ते घ्या, लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी आधी घ्या. दुर्बीण असेल तर डोंगराकडं लावायच्या आधी एकदा तरी तोफेवर लावा, आणि नंबर वन कोण आहे ते शोधा, तो सहसा मागं एका बाजूला उभा असतो.